मामांची विंचेस्टर

माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत, टूलरूममध्ये गेली. शेजारीच आयुध निर्माणी. त्यामुळे आम्हा सगळ्या 'फॅक्टरीवाल्यांना' बंदुकांतलं कळतं, असा गावाचा समज आहे. मी आयुष्यभर जिग, फिक्श्चर आणि गेज केले. शिकारीची रायफल हातात घेतली ती निवृत्तीनंतर, बदलापूरला, बायकोच्या मामांकडे.

मामांच्या वडिलांची बारवीच्या बाजूला भातशेती होती. रानडुकरांसाठी त्यांनी स्वातंत्र्यापूर्वी मुंबईतून ही विंचेस्टर १८९४ घेतली. पुढे वारस म्हणून परवाना मामांच्या नावावर झाला. "जावईबापू, बघा हवी तेवढी, पण मी समोर असेपर्यंतच," मामा म्हणाले. कायदाही तसाच आहे.

आधी रिकामी असल्याची खात्री केली, मग लिव्हर खाली ओढली. आपल्याकडे लोकांना ठासणीची बंदूक ठाऊक असते, नाहीतर पोलिसांची बोल्ट मागे-पुढे करायची थ्री-नॉट-थ्री. हिच्यात बोटं लिव्हरच्या कडीत घालून ती पुढे-खाली ढकलायची. त्या एका हालचालीत बोल्ट मागे सरकतो, जाता जाता घोडा चढवतो आणि रिकामं काडतूस वरून बाहेर फेकतो. कॅरिअर नवं काडतूस नळीच्या मागच्या तोंडाशी उचलतो. लिव्हर परत येताना बोल्ट ते आत सारतो आणि मागून एक पोलादी ठोकळा वर येऊन बोल्टला अडवून धरतो. स्फोटाचा सगळा दाब त्या ठोकळ्यावर. मी टॉर्च लावून त्याचे टेकणारे पृष्ठभाग पाहिले. इतक्या वर्षांनंतरही झीज एकसारखी, तिरपी कुठेच नाही. सीएनसी नव्हतं त्या काळातलं हे काम. मी हातातल्या घड्याळाकडे बघायचंच विसरलो. मामींचा चहा दोनदा गार झाला.

जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची ही रचना. १८९५ मध्ये तिच्यासाठी बिनधुराच्या दारूचं .३०-३० काडतूस आलं आणि २००६ पर्यंत सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. १९६४ मध्ये खर्च वाचवायला विंचेस्टर कारखान्यानं काही भाग स्वस्त पद्धतीनं करायला घेतले, म्हणून जाणकार त्याआधीच्या रायफली शोधतात. एका फॅक्टरीवाल्याला त्यांचं म्हणणं पटायला वेळ लागत नाही.

दोन बारकाव्यांवर मी फिदा आहे. लिव्हर पूर्ण मिटेपर्यंत चाप ओढलाच जात नाही. तेवढ्यासाठी खाली एक चिमुकली पिन आहे. दुसरा बारकावा मॅगझिनचा. ते नळीखाली लांब पोकळ नळकांडं आहे, काडतुसं त्यात एकामागे एक झोपतात. म्हणजे एकाची गोळी पुढच्याच्या कॅपवर टेकणार. टोकदार गोळी असली आणि धक्का बसला, तर मॅगझिनमध्येच बार उडायचा. म्हणून हिच्या गोळ्यांची टोकं चपटी.

एका स्क्रूची खाच खराब झाली होती. माझ्या हाताला तो अर्ध्या तासाचा धंदा, आणि ज्या उल्हासनगरात 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा गमतीनं सांगतात, तिथे तर कुणीही नक्कल करून दिली असती. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. मामा ती मुंबईच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. मी माझी हौस वेगळी भागवली. ही रायफल न खोलता साफ करायची तर सळी पुढच्या तोंडातूनच घालावी लागते आणि सळी घासून नळीच्या पुढच्या तोंडाचे आटे झिजतात. सळी मधोमध राहावी म्हणून पितळेचं एक बुश लेथवर फिरवून दिलं. ते रायफलचा भाग नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही.

बार मात्र ऐकलेला नाही. .३०-३० काडतूस भारतात बनत नाही. आपल्या आयुध निर्माण्यांनी खासगी परवान्यांसाठी .३१५ पुढे आणलं, कारण लष्कराचं .३०३ सामान्य माणसाला मिळत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच मिटला. मामांना याचं वाईट वाटतं, मला नाही. २०१९ मध्ये उल्हासनगरच्या वस्तीत बिबट्या शिरला, तेव्हा त्याला भूल देऊन पकडलं. या पट्ट्यात आता जनावरावर रोखायची बंदूक ती भुलीचीच.

मामांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, म्हणून त्यांच्या मुलाला मी सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. आजोबांची बंदूक कुणाच्या घरी माळ्यावर, कपाटामागे पडलेली असेल आणि परवानाधारक हयात नसेल, तर ती 'आठवण' म्हणून लपवून ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करा, पावती घ्या आणि ठेवायची असेल तर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा.