ते बी, ती बी

मृग जवळ आला की जालन्याच्या मोंढ्यात एकच शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. "औंदा बी कुठलं, दादा?" "घरचंच हाय." एवढ्या बोलण्यावर माणसं पुढे सरकतात. वर्षभराची काळजी त्या एका अक्षरात मावलेली असते.

बी या शब्दावर माझा जीव आहे. संस्कृतातलं बीज प्राकृतात आलं आणि दोन स्वरांमधला ज विरघळून बीअ उरलं. सूचीची सुई झाली, राजकुलाचं राऊळ झालं, ती हीच वाट. मराठीने शेवटचा अ सुद्धा आत ओढून घेतला. ही वाट आमच्याच मातीतून गेली आहे. भोगवर्धन हे आमच्या भागातल्या एका गावाचं जुनं नाव सांची आणि भारहूतच्या दानलेखांत कोरलेलं आहे. तोंडातोंडी झिजत त्याचं भोकरदन झालं. तिथे उत्खननात सातवाहनकाळची वस्ती मिळाली. पावसाची वाट बघत बीअ राखून ठेवणारी माणसं त्या वस्तीतही असणारच, आणि त्यांच्या तोंडात शब्द झिजत होता तो बोलून बोलून, रोजच्या कामाने.

हिंदीत बीज पुल्लिंगी आहे, कारण हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिलं. मराठीने ते राखलं आणि बी या शब्दाला दोन रूपं दिली. भोपळ्याची ती बी, सीताफळाच्या त्या बिया. पण वावरात पेरलं जातं ते बी. "बी पेरलं", "बी उगवलं", "बी मोडलं". या नपुंसकलिंगी शब्दाचं अनेकवचन आमच्याकडे कुणी करत नाही. ती बी बोटांच्या चिमटीत धरता येते, मोजता येते. ते बी मुठीत असतं, चाड्यातून खाली जातं, आणि एकदा मातीआड झालं की त्याची मोजदाद उरत नाही. दाणा तोच, पण माणसाचं त्याच्याशी असलेलं नातं बदललं की लिंग बदलतं. पेरणाऱ्यांच्या अनुभवातूनच हे व्याकरण आलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यय लागला की या शब्दाचं आणखी एक अंग दिसतं. बियाचा कांदा, बियासाठी राखलेला दुधी. यांतला 'या' कुठून आला? बीअस्स या जुन्या षष्ठीचा तो अवशेष, असं बरेच अभ्यासक मानतात. दूरच्या स्लाव्ह भाषांतही असंच घडतं. रशियनमध्ये बियाला सेम्या म्हणतात, चेकमध्ये सेमेनो. त्यांचा धातू आपल्या बीजाहून वेगळा, पेरणे या अर्थाचा. लॅटिनमधलं सेमेन त्याच कुळातलं. पण स्लाव्ह भाषांनीही तिन्ही लिंगं सांभाळली आहेत आणि तिथेही हा शब्द नपुंसकलिंगीच आहे. षष्ठीत सेम्याचं सेमेनि होतं. झडून गेलेला न विभक्ती लागताच परत येतो. आपल्या नामन् शब्दाचं रशियन भावंड इम्या, त्याचंही तसंच इमेनि होतं. एकटा शब्द झिजतो. वाक्यात दुसऱ्यांशी नातं जुळलं की त्याचं जुनं रूप जागं होतं.

शब्दाचं नातं असं टिकलं, पण दाण्याचं बदललं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्याच वर्षी सीएसएच-१ ही ज्वारीची संकरित जात देशात प्रसारित झाली. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचं शहर झालं. नव्या ज्वारीला लोकांनी नावच हायब्रीड दिलं. विशेषणाचं नाम झालं आणि हायब्रीडच्या भाकरीवर कितीतरी घरं तगली. ते उपकार मी विसरणार नाही. पण संकरित पिकाचा दाणा पुढच्या वर्षी पेरला तर गुण फुटून वेगवेगळे होतात, म्हणून दर वर्षी नवं बियाणं विकत घ्यावं लागतं. सरकीचं पाकीट, सोयाबीनची बॅग, त्यावरची किंमत. माझी आजी वेलावरचा पहिला जोमदार दुधी तोडू द्यायची नाही, वांग्याचं बी राखेत घोळवून ठेवायची आणि शेजारणीने मागितलं तर ओंजळभर द्यायची. बॅगेतलं बियाणं शेजारी मागत नाहीत.

तरी घरचं बी संपलेलं नाही. सोयाबीन हायब्रीड नसतं, त्याचा दाणा पुन्हा पेरता येतो. आधी उगवण तपासायची. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचे, थोड्या दिवसांनी उलगडून बघायचं. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. तिथे त्या बिया असतात, एकेक पारखलेल्या. पेरणीच्या दिवशी त्यांचं ते बी होतं. मोजणं आणि सोपवून देणं, शेतीला दोन्ही लागतं, आणि मराठीने त्या दोन्हींसाठी एकाच शब्दात जागा करून ठेवली आहे. सगळंच विकत आणायची वेळ आली तर मोजणं तेवढं उरेल. म्हणून दर घराने एखाद्या वाणाचं तरी बी धरावं आणि मागेल त्याला ओंजळभर द्यावं.