जुन्या बाजाराला जाण्याआधी

चि. सोनूस,


पुण्यात खोली मिळाल्याचं ताईकडून कळलं. तवा, घड्याळ, टेबल, सगळं नवंकोरं घ्यायचं तुझ्या मनात आहे, असंही ती म्हणाली. त्याआधी एकदा जुना बाजार बघून ये, म्हणून हे पत्र.

मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या बाजूला, बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. रस्त्याकडेला ताडपत्र्या आणि चादरी पसरलेल्या असतात. त्यांवर पान्हे, नळाच्या तोट्या, किल्ली हरवलेली कुलपं, पितळी डबे, मुके रेडिओ, जुनी नाणी. नवखा माणूस या पसाऱ्याने भांबावतो आणि हाताला येईल ते उचलतो. मुरलेलं गिऱ्हाईक एक-दोन वस्तू मनात धरूनच येतं आणि पहिली फेरी नुसत्या डोळ्यांनी मारतं. लवकर येणाऱ्याला निवडीला वाव मिळतो, शिवाय भवानी व्हायची असेल तर विक्रेता फार ताणून धरत नाही. उन्हं उतरली की आवराआवर सुरू होते. जड सामान परत वाहून नेण्यापेक्षा चार पैसे कमी घेणं तेव्हा त्याला परवडतं. लोखंडी वस्तूंसाठी ती वेळ बरी.

तांब्या-पितळेचं मात्र वेगळं आहे. ते घ्यायला निघालेल्या माणसाला आधी मोडीचा भाव ठाऊक हवा. भांड्यांचा कुठलाही दुकानदार तो सांगतो. मोडीच्या आसपास मिळालेलं धड भांडं सहसा अंगावर येत नाही, कारण उद्या विकायची वेळ आली तरी घट वजा जाता बरेचसे पैसे परत मिळतात. मोडीच्या वर जे द्यायचं ते कारागिरीचं. भांडं हातात घेऊन उजेडाकडे धरलं की ती कारागिरी दिसते. कसबा पेठेतल्या तांबट आळीतले कारागीर तांब्यावर हातोडीने मठारकाम करतात, एकाला लागून एक असे ठोके देत. त्या ठोक्यांच्या बारीक खुणांवर उजेड पडला की भांडं चमचमतं. लोहचुंबक जवळ नेऊन बघावा. तो चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. मग त्यात पाणी भरून कागदावर ठेवायचं आणि थोडा वेळ गप्पा मारायच्या. डाग देऊन बुजवलेलं भोक असेल आणि ते गळत असेल, तर कागद लगेच सांगतो. आतली कल्हई उडालेली असली तरी नाउमेद होऊ नये, ती पुन्हा करून घेता येते. तोवर त्यात ताक किंवा आमटी ठेवायची नाही, नाहीतर कळकते.

बिडाचा तवा तर जुनाच घ्यावा. वर्षानुवर्षं तेल पिऊन त्याचा पृष्ठभाग असा गुळगुळीत झालेला असतो की धिरडं अलगद सुटतं. गंज घासून जातो. चीर मात्र जात नाही, आणि काजळीखाली ती दिसतही नाही. म्हणून तवा कडेला धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. अखंड तवा खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो.

घड्याळाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण फसवणूक तिथे फार. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. त्यांचं ‘जनता’ हे चावीचं, १७ ज्वेल्सचं घड्याळ एका अख्ख्या पिढीच्या मनगटावर होतं. २०१६मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ही घड्याळं हौशी लोक शोधू लागले. मागणी वाढली तशी जुन्या यंत्रावर भडक रंगाची नवी डायल बसवलेली घड्याळंही बाजारात आली. ती चालतात, पण अस्सलच्या भावाने घ्यायची नाहीत. डायलवरची अक्षरं निरखून बघावीत: कारखान्यातली अक्षरं बारीक, रेखीव आणि एका ओळीत असतात, नंतर रंगवलेली जाड आणि कडेला फुटलेली. काचेआडची डायल नवीकोरी आणि मागचं झाकण झिजून गुळगुळीत झालेलं, अशी जोडी दिसली की सावध व्हावं. चावी देताना ती कुठे अडकते का, काटे फिरवताना ते एकमेकांना घासतात का, हेही बघावं. विक्रेत्याने झाकण उघडून दाखवलं तर उत्तमच. आत स्क्रूंवर गंज असेल तर दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीला मागे टाकतो.

नजर तयार होते ती वस्तू हाताळून आणि चांगल्या वस्तू बघून. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे एक दुपार काढ. १८९६ साली जन्मलेले दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे आणि घरचं चष्म्यांचं दुकान सांभाळायचे. लोक ज्यांना अडगळ म्हणत ते अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे त्यांनी गावोगाव हिंडून जमवले. सुमारे वीस हजार वस्तू झाल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. तिथल्या अडकित्त्यांसमोर उभं राहिल्यावर कळतं की साध्या सुपारी कातरायच्या हत्याराला कुणी घोड्याचा आकार देतो, कुणी पोपटाचा, आणि बिजागरी मात्र प्रत्येकाची चोख. तसं काम एकदा डोळ्यांत बसलं की बाजारातल्या ढिगातूनही ते ओळखू येतं.

हेल्मेट जुनं घेऊ नकोस, कितीही चकचकीत असलं तरी. एका आपटण्यात त्याच्या आतला फोम दबतो आणि वरून काही दिसत नाही. गादी-उशीही नको, ढेकूण घरात आले की हटत नाहीत.

घासाघीस जरूर करावी, पण माणसाला पाडून नव्हे. समोर बसलेला तो माल कुणा भंगारवाल्याकडून रोख मोजून आणतो. कपड्यांचं तर त्याहून कष्टाचं. बोहारीण दारोदार हिंडून स्टीलच्या भांड्यांवर जुने कपडे घेते. मग ते धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री करून विकायला येतात. त्या शर्टाच्या किमतीत एवढ्या बायकांची मजुरी असते. कॉलर आणि काखा तपासून शर्ट धड निघाला, तर शेवटच्या दहा रुपयांसाठी विकणारीला अडवून धरणं मला तरी पटत नाही.

मोबाइल मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी चौकशीशिवाय घ्यायचा नाही. *#०६# दाबलं की त्याचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. कुणाचा तरी चोरीला गेलेला फोन आपल्या खिशात नको, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हाही आहे.

टेबल सागवानीच बघू. जुने वाडे पाडताना निघालेलं लाकूड आणि सामान अजून विकायला येतं, पण ते नेटाने शोधावं लागतं. खिडकीपासून भिंतीपर्यंतचं अंतर आणि जिन्याची रुंदी मोजून कळव. टेबल खोलीत मावतं आणि जिन्याच्या वळणावर अडतं, असं पेठांत नेहमी होतं. पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने येते. सुट्टे पैसे आणि एक जाड पिशवी बरोबर ठेव.

तुझी,
मावशी