व्हॅलेन्सियाचा गुरुवार आणि पाण्याची पाळी

या वेळची नोंद आपल्या बांधावरची नाही, पण आहे पाटाचीच. मे महिन्यात नांगरटी उरकून रान तापत पडलं होतं, तेव्हा आम्ही दोघं स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला चार दिवस जाऊन आलो. जर्मनीत मुलीकडे गेलो होतो, तिनेच तिकिटं काढून दिली. "आईला समुद्र दाखवा," म्हणाली. समुद्र दाखवला. पण माझं डोकं गोड्या पाण्यातच अडकलं, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या दिवशी बाजार. तिथलं सेंट्रल मार्केट 1928 सालचं, वर लोखंड आणि काचेचा घुमट, खाली भाजी, मासळी, मिरच्यांच्या माळा. संत्री तर ढिगाने. संत्र्याला ते लोक 'नारांखा' म्हणतात. मूळ शब्द आपल्या संस्कृतातला नारंग, तो इराण आणि अरबांमार्गे तिथे पोचला. बायको म्हणाली, "म्हणजे नारिंगी आपलीच की." समोरच रेशमाच्या सौद्यांची पंधराव्या शतकातली इमारत आहे, ला लोन्हा. पीळ दिलेल्या दोरखंडासारखे दगडी खांब. शेतमालाच्या सौद्याला एवढी देखणी जागा मी पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी नदी बघायला गेलो तर नदीच नाही! तुरिया नदीला ऑक्टोबर 1957 मध्ये मोठा पूर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. मग नदी शहराबाहेरून दक्षिणेला वळवली. रिकाम्या पात्रातून मोठा रस्ता काढायचा बेत होता. लोक अडून बसले, आणि आज तिथे कित्येक किलोमीटर लांब बाग आहे. जुने दगडी पूल तसेच उभे, त्यांच्याखालून पोरं सायकली चालवतात. शेवटाला कालात्रावा या वास्तुविशारदाच्या पांढऱ्याशुभ्र इमारती आहेत, फोटो खूप निघाले. पण पाणी वळवलं म्हणून संपत नाही. 29 ऑक्टोबर 2024 ला पुन्हा आभाळ फाटलं. वळवलेल्या पात्रामुळे जुनं शहर वाचलं, दक्षिणेकडच्या गावांत मात्र ओढ्यांचं पाणी घुसलं. 200 हून जास्त माणसं गेली. गाळ उपसायला शेतकरी आपापले ट्रॅक्टर घेऊन गेले होते.

तिसऱ्या दिवशी आल्बुफेरा. शहराच्या दक्षिणेला गोड्या पाण्याचं मोठं सरोवर, भोवती भातखाचरं. मे म्हणजे तिथे पेरणीचे दिवस, त्यामुळे खाचरांत पाणी सोडलेलं, सगळीकडे आरसा. सरोवर आणि समुद्र यांच्यात दारं आहेत, ती उघडून-मिटून पाण्याची पातळी राखतात. पाएया हा पदार्थ याच भागातला. पसरट कढईत कोंबडी, ससा, शेंगा, मोठे पांढरे वाल, केशर, वर तांदूळ आणि पाणी. एकदा तांदूळ पडला की ढवळायचं नाही. बुडाला जी खरवड धरते तिला ते 'सोकार्रात' म्हणतात आणि तिच्यासाठी भांडतात. आम्ही नुसत्या भाज्यांचा घेतला. खरवड बायकोने माझ्या ताटातलीही काढून घेतली.

आता गुरुवार. खरं सांगायचं ते इथेच आहे.

दर गुरुवारी दुपारी बाराला, मोठ्या चर्चच्या एका दगडी दारासमोर, पाण्याचं न्यायालय बसतं. अरबांच्या राजवटीपासूनची ही परंपरा मानतात. 1238 मध्ये राजा जाउमे पहिला याने शहर जिंकलं, पण पाटाचे नियम होते तसेच चालू ठेवले. युनेस्कोने 2009 साली तिला वारशाच्या यादीत घेतलं. घंटा वाजल्या आणि काळे डगले घातलेले आठ जण लाकडी खुर्च्यांवर येऊन बसले. हे न्यायाधीश म्हणजे शेतकरी. ज्याने त्याने आपली जमीन कसलेली असली पाहिजे आणि त्याच्या पाटावरच्या शेतकऱ्यांनीच त्याला निवडलेलं असलं पाहिजे. पितळी आकड्याची काठी घेतलेला एक माणूस एकेका पाटाचं नाव पुकारतो: या पाटावरचा कोणी आरोपी आहे का?

कोणी पाळी मोडून पाणी घेतलं, कोणी पाट साफ केला नाही, कोणाचं पाणी शेजाऱ्याच्या पिकात गेलं, असे खटले. वकील नाही, लेखी अर्ज नाही, सगळं तोंडी आणि त्यांच्याच बोलीत. दोघांचं ऐकायचं, तिथल्या तिथे निकाल. त्यावर अपील नाही. आणि एक नियम मला फार आवडला. ज्या पाटाचं भांडण, त्या पाटाचा पंच निकालात बोलत नाही. आरोपी नदीच्या डाव्या काठचा असेल तर निकाल उजव्या काठचे सुचवतात.

आम्ही गेलो त्या दिवशी एकही खटला नव्हता. नावं पुकारली, कोणी पुढे आलं नाही, पाच-सात मिनिटांत पंच उठले. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी उन्हात उभं केलंत?" मी म्हटलं, अगं, यासाठीच. कोणी येवो न येवो, हे लोक गुरुवारी बसतात. बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भांडण तिथवर पोचायच्या आतच मिटतं.

दुपारी मेट्रोने आल्बोराया गावाला गेलो. त्याच पाटांवर भिजणारी शेतं. पाणी वाटायची रीत अशी की ते लिटरवर नाही, हिश्श्यावर. नदीला कमी आलं तर सगळ्यांनाच त्या मानाने कमी. तिथे सरीवर 'चूफा' लावतात. बघितलं तर आपल्या लव्हाळ्याचा चुलतभाऊ! आपण ज्याच्या गाठी खणून खणून थकतो, त्याच जातीच्या गोड गाठी भिजवून, वाटून, गाळून ते थंडगार ओर्चाता करतात. दोन ग्लास प्यायलो. लव्हाळ्यावर पहिल्यांदाच पैसे खर्च केले.

आता आपल्याकडे. आम्ही पांझरेकाठचे. आपल्या धुळे-नाशिक भागात फड पद्धत होती. नदीवर बंधारा, पाट, जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, आणि वर गावचे पंच. हीसुद्धा काही शतकांची जुनी. वर धरणं झाली, खाली विहिरी आणि बोअर झाले, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. व्हॅलेन्सियातून आपण शिकावं असं त्यात नवीन काही नाही, आपल्या आजोबांना हे येत होतं.

नडतं ते इथे: आमच्या चारीवर आवर्तन सुटलं की वरचे रात्री दारं उघडतात आणि टेलला पाणी पोचत नाही. मागच्या रब्बीत टेलच्या तिघांचा गहू दाणा भरताना वाळला. दोन सख्खे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पाणी वापर संस्था कागदावर आहे, 2005 च्या कायद्याने अधिकारही आहेत. पण पंच बसतात कधी? भांडण झाल्यावर. आणि तेव्हा जो तो आपल्या भावकीकडून बोलतो.

म्हणून पुढच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मांडणार आहे. आवर्तन चालू असेपर्यंत दर गुरुवारी सकाळी मारुतीच्या पारावर बसायचं, तक्रार असो नसो. आणि वरच्या भागातल्याची तक्रार आली तर निकाल टेलच्यांनी सुचवायचा, टेलच्याची आली तर वरच्यांनी. पहिल्या गुरुवारी मी एकटा असलो तरी तासभर बसेन. घरातून चहा पाठवायचं कबूल झालंय.

तुमच्या चारीवर पाळी कोण ठरवतं, आणि मोडली तर कोण विचारतं? खाली लिहा.