सोने गाळणाऱ्यांच्या मुलखात

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, वडूज, मायणी करत आम्ही सांगली जिल्ह्यातील विट्याला पोहोचलो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा सारा दुष्काळी पट्टा. टेंभू योजनेचे पाणी अलीकडचे. त्याआधी पोटासाठी इथली माणसे घर सोडून निघाली आणि देशभरच्या सराफपेठांत गलाईवाले झाली. इथली कित्येक मोठी घरे गलाईच्या भट्टीनेच बांधली आहेत.

गलाई म्हणजे जुने दागिने गाळून शुद्ध सोने-चांदी काढणे. मुशीत धातू वितळवून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. चांदी, तांबे विरघळते. सोने तळाशी उरते. तेव्हा तांबूस धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड वायू.

"तोंडाला टॉवेल बांधायचो, बाकी काय नव्हतं," गावी परतलेल्या एका वृद्ध कारागिरांनी सांगितले. पण टॉवेल काय किंवा धुळीचा साधा मास्क काय, हा वायू अडवत नाही. आधी थोडी जळजळ होते, मग बरे वाटते आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरू शकते. म्हणून असा धूर छातीत गेल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि कशाचा धूर होता हे डॉक्टरांना सांगावे.

ही गोष्ट फक्त विट्याची नाही. मोबाईल-संगणकाच्या सर्किट बोर्डांवरही सोन्याचा पातळ मुलामा असतो. दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे असे बोर्ड जाळून, ॲसिडात बुडवून धातू काढले गेले. त्यात शिशाची भर. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांना सर्वाधिक बाधते.

आपल्यातील अनेक घरे भंगारावर चालतात. त्यांनी बोर्ड घरी जाळू नयेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. जिथे ॲसिडचे काम चालते तिथे धूर ओढून धुणारी यंत्रणा, तिथे निघणाऱ्या वायूसाठी योग्य असा फिल्टरवाला मास्क, बंद चष्मा, जाड रबरी हातमोजे हवेत. ॲसिड अंगावर उडाल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे. कामाचे कपडे घरी आणू नयेत.

घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण वेळेवर मजुरी दिली आणि छाती निकामी केली, तर मजुराचा हक्क कुठे पोहोचला? आपला मुलगा परगावी कामाला निघताना पगार किती हे विचारतोच. मास्क कोणता देणार, हेही मालकाला विचारू या.