पैलतीरावरील पाठ

शिक्षकाने शिकवावे आणि विद्यार्थ्याने शिकावे, ही जगाची रीत आहे. परंतु माझ्या आयुष्यातील एक मोलाचा पाठ मला माझ्याच एका विद्यार्थिनीने शिकविला, आणि तोही मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यानंतर.

माझी शाळा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगत होती. त्या भागात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. बाजारात भाजी मराठीत मागावी आणि तिचा भाव कानडीत ऐकावा, असा तेथील शिरस्ता. ही मुलगी त्याच शाळेत माझ्या हाताखाली शिकली, पुढे पुण्यास जाऊन इतिहासाची पदवीधर झाली. एके दिवशी सायंकाळी ती पेढे घेऊन घरी आली व म्हणाली, “सर, युरोपात शिकण्यासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली.”

मला अतिशय आनंद झाला. मी विचारले, “काय शिकणार? वैद्यकी की यंत्रविद्या?”

“नाही सर. युरोपची संस्कृती आणि तेथील समाज.”

माझ्या कपाळाला आठी पडली. मी म्हणालो, “अगं, आपल्या शेताचे बांध फुटलेले असताना दुसऱ्याच्या शिवाराची मोजणी कशाला करायची?”

तिने उलट उत्तर दिले नाही. वाकून नमस्कार केला आणि उंबरठ्यावर थांबून ती एवढेच म्हणाली, “सर, मी पत्रे लिहीन. ती वाचून मग सांगा.”

मला संगणकावरची पत्रे वाचावीशी वाटत नाहीत, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने खरोखरच कागदावर पत्रे लिहिली. ती सगळी मी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत.

पहिल्या पत्रात तिने आपल्या अभ्यासक्रमाची ओळख करून दिली होती. त्याचे नाव ‘युरोकल्चर’. तो कोणा एका विद्यापीठाचा नाही. युरोपातील आठ विद्यापीठे मिळून तो चालवीत होती. पुण्याचे विद्यापीठही त्यांचे सहकारी राहिलेले आहे. दोन वर्षांत विद्यार्थ्याने निदान दोन देशांत राहून शिकावयाचे, असा तेथील दंडक. अशा अभ्यासासाठी जी शिष्यवृत्ती मिळते, तिला इरॅस्मस या थोर पंडिताचे नाव आहे. रॉटरडॅम येथे जन्मलेला हा विद्वान पाचशे वर्षांपूर्वी पॅरिस, केंब्रिज, इटली, बाझल असा ज्ञानासाठी गावोगाव फिरला आणि १५३६ साली बाझल येथेच त्याने देह ठेवला. विद्यार्थ्यांनी त्याच्याप्रमाणे देशोदेशी जाऊन शिकावे, म्हणून १९८७ साली युरोपात त्याच्या नावाची योजना सुरू झाली.

या अभ्यासात इतिहास, कायदा, राज्यशास्त्र, धर्म, कला या सर्वांना एकाच वर्गात स्थान असते. “सर, एकाच घराकडे चारही खिडक्यांतून पाहावे, तसे हे शिकणे आहे,” असे तिने लिहिले होते. उदाहरण म्हणून तिने युरोच्या नोटेची हकीकत सांगितली. २००२ साली या नोटा लोकांच्या हाती आल्या. त्यांच्या एका बाजूस कमानी व खिडक्या आणि दुसऱ्या बाजूस पूल छापले होते. परंतु त्यांतील एकही पूल खरा नव्हता! एका देशाचा पूल छापला, तर दुसऱ्या देशाला वाईट वाटेल, म्हणून चित्रकाराने ते कल्पनेतून रेखाटले. अर्थशास्त्र, कला आणि राजकारण एवढ्याशा कागदावर कसे एकत्र नांदतात, ते पाहून मला नवल वाटले. गंमत अशी की, पुढे नेदरलँड्समधील स्पायकेनिसे या गावाने ते काल्पनिक पूल खरोखरच बांधून काढले.

दुसरे पत्र जर्मनीतील ग्योटिंगेन या नगरीतून आले. त्या गावच्या चौकात हंस राखणाऱ्या एका मुलीचा पुतळा आहे. ज्याला डॉक्टर ही पदवी मिळते, तो त्या पुतळ्यापर्यंत चढून तिला फुले देतो व तिच्या गालाचे चुंबन घेतो. हे वाचून मी हसलो. पण पुढच्या ओळींनी मला गंभीर केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ पासून १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच विद्यापीठात प्राध्यापक होते. आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना याच विद्यापीठाने १८८५ साली सन्मानाची डॉक्टरेट दिली. शेवटी तिने नम्रपणे विचारले होते, “सर, कीलहॉर्न साहेबांनी आपल्या शिवाराची मोजणी केली, तिचा आपल्याला उपयोगच झाला ना?” मी निरुत्तर झालो.

त्या उन्हाळ्यात ती पोलंडमधील क्राकूव्हला जाऊन आली. तेथील विद्यापीठ १३६४ साली स्थापन झालेले. १९३९ च्या नोव्हेंबरात नाझी अधिकाऱ्यांनी तेथील प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलाविले आणि पकडून छळछावणीत धाडले. “ज्या युरोपने एवढी ग्रंथालये उभारली, त्यानेच हेही केले. दोन्ही गोष्टी शिकल्याशिवाय युरोप शिकला असे होत नाही,” असे तिने लिहिले होते.

परंतु मला विसरता येत नाही ते स्ट्रासबुर्गहून आलेले पत्र. हे नगर फ्रान्समध्ये, ऱ्हाइन नदीच्या काठी आहे, पैलतीरावर जर्मनी. १८७१ साली ते जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि १९४४ मध्ये परत फ्रान्सकडे. म्हणजे १८७० मध्ये जन्मलेल्या आणि पंचाहत्तर वर्षे जगलेल्या माणसाने घर न सोडताच चार वेळा देश बदलला! दर खेपेला भाषेवर गदा आली. नाझी अमलात तेथे फ्रेंच बोलण्यास बंदी होती. रस्त्यांची नावेच काय, माणसांची नावेदेखील बदलली. युद्ध संपल्यावर उलटा फेरा आला. आता शाळेत घरची आल्सेशियन बोली बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली.

त्या नगरात एक युद्धस्मारक आहे. एक माता आपल्या दोन मृत्युमुखी पुत्रांना सावरून बसली आहे. एक फ्रान्सच्या बाजूने लढला, दुसरा जर्मनीच्या. शिल्पकाराने दोघांच्याही अंगावर गणवेश ठेवलेला नाही. त्यामुळे कोण कोणत्या सैन्याचा, हे ओळखता येत नाही. दोघांचे हात मात्र एकमेकांच्या हातांत आहेत. खाली शब्द आहेत, ‘आमच्या मृतांस’. कोणासाठी मेले, ते लिहिलेले नाही.

एवढ्या रक्तपातानंतर तेथील शहाणे लोक विचार करू लागले. तोफा कशाच्या होतात? लोखंडाच्या. ते कशावर वितळते? कोळशावर. मग शत्रूंचा कोळसा आणि पोलाद एकाच समाईक देखरेखीखाली का आणू नये? ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी ही कल्पना मांडली, आणि १९५१ साली सहा देशांनी तसा करार केला. त्यातूनच पुढे आजचा युरोपीय संघ वाढला. आता त्या नदीवरून ट्राम धावते. लोक भाजीपाल्यासाठी पैलतीरी जातात आणि सायंकाळी घरी परततात.

पत्र येथे संपले असते, तर मी ते समाधानाने डब्यात ठेवले असते. पण खाली आणखी चार ओळी होत्या. “सर, त्या मातेसमोर उभी असताना मला आपल्या वर्गातील खिडकीजवळचा बाक आठवला. त्या बाकावरचा मुलगा आपल्याला आठवतो का? त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही हसले होते.”

मला आठवले. मुलांनो, ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. तो मुलगा कानडी घरातला होता. उन्हाळ्याचे दिवस होते. कविता शिकवीत असताना तो उठून म्हणाला, “सर, नीरु पिऊन येऊ?” वर्ग खो खो हसला. मी रागाने म्हणालो, “मराठी शाळा आहे ही. मराठीत माग, तरच मिळेल.” तो गोंधळला. भीतीने त्याला पाणी हा सोपा शब्दही आठवेना. मी त्याला तास संपेपर्यंत तसाच उभा ठेवला. त्या वर्षी पुन्हा तो वर्गात आपणहून एक शब्दही बोलला नाही.

मी मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला. ‘नीर’ म्हणजे पाणी, हे मी किती वर्षे मुलांना शिकवीत आलो! अनेक विद्वानांच्या मते हा शब्द द्राविड भाषांतून संस्कृतात आणि तेथून आपल्याकडे आला. कवितेत आलेल्या नीराचे मी कौतुक करीत होतो आणि त्याच वेळी एका तहानलेल्या मुलाच्या तोंडच्या नीराला शिक्षा देत होतो.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी करीत तालुक्याच्या गावी गेलो. तो तेथे पिठाची गिरणी चालवीत होता. मला पाहताच त्याने लगबगीने खुर्ची पुसून दिली. मी ती जुनी गोष्ट काढली आणि म्हणालो, “माझे चुकले, बाबा.” तो खाली पाहत राहिला. गिरणीचा पट्टा फिरत होता. बराच वेळ तोच काय तो आवाज. मग तो हळूच म्हणाला, “सर, पाणी मागायला मला पुष्कळ वर्षं भीती वाटायची.”

यावर मी काय बोलणार? माझे डोळे भरून आले. त्याने आतल्या बाजूस वळून आपल्या लहान मुलीला कानडीत हाक मारली. ती तांब्या-भांडे घेऊन आली आणि अनोळखी पाहुण्याकडे पाहत दाराशीच थबकली. मी हात पुढे केला आणि म्हणालो, “नीरु दे, बाळ.”

ती हसली. तिच्यामागे तिचा बापही हसला. ते पाणी मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो, आणि घरी येऊन स्ट्रासबुर्गच्या पत्राला उत्तर लिहावयास बसलो.