खारीला कागद नाहीत!

शाळेच्या क्रीडा महोत्सवात अडथळ्यांची शर्यत तुम्ही नक्कीच धावला असाल. टायरमधून वाकून जायचं, दोरीवरून उडी मारायची, मधेच कोणीतरी धपकन पडायचं आणि सगळ्यांनी हसायचं! अगदी अशीच शर्यत कुत्र्यांसाठीही असते, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

या खेळाला म्हणतात डॉग ॲजिलिटी. त्याचा जन्म झाला १९७८ साली लंडनमध्ये. तिथे तेव्हा ‘क्रफ्ट्स’ नावाचं कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये म्हणून काही जणांनी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीसारखी कुत्र्यांची शर्यत करून दाखवली. लोकांना ती इतकी आवडली, की पुढे ती देशोदेशी पोचली. नियम सोपे आहेत. कुत्र्याने दांड्यांवरून उड्या मारायच्या, बोगद्यातून पळायचं, सी-सॉवरून चालायचं आणि ओळीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जायचं. सोबत त्याचा माणूस धावतो. पण त्याने कुत्र्याला हात लावायचा नाही. पट्टा ओढणं नाही, ढकलणं नाही. फक्त आवाज आणि हाताची खूण. म्हणजे ही शर्यत एकट्या कुत्र्याची नसतेच, जोडीची असते.

आता आमच्या खारीची ओळख करून देते. खारी म्हणजे झाडावरची खार नव्हे हं, चहात बुडवून खातो ती खारी! डोंबिवलीत आमच्या घराजवळच्या बेकरीच्या फळीखाली ती सापडली, म्हणून हे नाव. आई आमच्या गल्लीतलीच. बाबा बहुधा कोणाच्या तरी घरचा पॉमेरियन असावा. कारण अंग गावठी, सडसडीत आणि शेपटी मात्र चवरीसारखी झुपकेदार! मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. त्यामुळे घरी वह्यांचा गठ्ठा, त्यावर लाल पेन आणि त्या पेनावर खारीचे दात, असा आमचा संसार.

तिला शिकवायला सुरुवात केली तेव्हा डी.एड.चा अभ्यास कामी आला. मानसशास्त्राच्या पेपरात आम्हांला पावलॉव्हची कुत्री आणि थॉर्नडाइकची मांजरं होती. थॉर्नडाइकने मांजराला पेटीत ठेवून पाहिलं, की ज्या हालचालीने दार उघडतं आणि खाऊ मिळतो, ती हालचाल मांजर पुन्हा पुन्हा करू लागतं. यातून शिकायचं काय? शाबासकी त्याच क्षणी द्यायची! खारीने दांडी ओलांडली रे ओलांडली, की लगेच ‘शाब्बास!’ आणि पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा. दोन मिनिटांनी दिलेली शाबासकी कुत्र्याला कळत नाही. शाबासकी कशाबद्दल, हे त्याला समजणारच कसं?

सामान घरचंच होतं. दोन विटांवर बांबू ठेवला की झाली उडी. पाण्याच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून सहा काठ्या रोवल्या. या काठ्यांचा एक नियम असतो बरं का! पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे यायला हवी. खारीला तेवढं उमजायला पावसाळा संपला. बोगदा तयार झाला जुन्या ताडपत्रीचा. सराव सकाळी सहाला, तोही फक्त पाच-सहा मिनिटं. एप्रिलमध्ये जमिनीला हाताची पालथी बाजू लावून बघायचे. आपल्या हाताला चटका बसतो, तर तिच्या पंजांना बसणारच ना? आणि पिल्लू लहान असताना उंच उड्या अजिबात नाहीत. त्याची हाडं वाढत असतात. खारी सव्वा वर्षाची होईपर्यंत तिचा बांबू जवळजवळ जमिनीवरच होता.

सगळं जमलं, पण सी-सॉ काही जमेना. फळीचं टोक धाडकन खाली आपटलं, की खारी शेपूट पायांत घालून पसार! दिवाळीत फटाक्यांनी घाबरते तशीच. मग फळीच्या दोन्ही टोकांखाली जुनी गादी टाकली, आवाज कमी केला आणि दर आठवड्याला गादीचा एकेक थर काढत गेले.

आपल्याला मोठं मैदान आणि खरे अडथळे मिळावेत, म्हणून आम्ही एका क्लबकडे गेलो. तिथल्या गृहस्थांनी खारीकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठल्या जातीची?”

मी म्हटलं, “आमच्या गल्लीची!”

ते हसले नाहीत. “कागद आहेत का? वंशावळीचे?”

“लशीचं कार्ड आहे.”

“मग नाही जमायचं, बाई. गावठी कुत्र्यांना आम्ही घेत नाही.”

खारीने काय काय येतं ते त्यांनी पाहिलंच नाही. दुसऱ्या एका ठिकाणीही तेच उत्तर मिळालं, फक्त जरा गोड आवाजात.

मुलांनो, यात दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. एखाद्या जातीचं रूप कसं असावं, हे जोखणारं प्रदर्शन असेल, तर तिथे वंशावळीचा कागद मागणं समजू शकतं. लॅब्रॅडॉरच्या स्पर्धेत खारी कशी बसेल? पण उडी मारायला कागद कशाला हवा? बांबूला थोडंच कळतं, वरून जाणाऱ्याचे आजोबा कोण होते ते! जगातही हा फरक उशिराच कळला. अमेरिकन केनल क्लब ही तिथली मोठी, जुनी संस्था. तिने मिश्र जातीच्या कुत्र्यांना अशा खेळांत उतरायची परवानगी दिली २०१० साली. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात २०१४पासून ॲजिलिटीची स्पर्धा होते. २०२४मध्ये ती कोणी जिंकली? निम्बल नावाच्या, बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉन यांच्या मिश्र जातीच्या श्वानाने! मिश्र जातीचं श्वान तिथे जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि १९६० साली अवकाशात जाऊन सुखरूप परतलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का आठवतात? त्या तर मॉस्कोच्या रस्त्यांवरच्या कुत्र्या होत्या.

क्लबने नाही म्हटल्याची गोष्ट मी वर्गात सांगितली. मुलं चिडली. एक मुलगा मात्र गप्प होता. इमारतींच्या बांधकामावर काम करणाऱ्या घरातला, त्याच वर्षी आमच्या शाळेत आलेला. वर्गात तो फारसा बोलतच नसे. सुट्टीत माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “बाई, मी आलो तेव्हा माझ्याकडे पण कागद नव्हते. तुम्ही तर घेतलंत मला.”

खरंच होतं ते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारायचा नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. मुलाचा हक्क आणि कुत्र्याचा खेळ यांची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण त्याला जे जाणवलं, ते एका अक्षरानेही चुकीचं नव्हतं. मी त्याला विचारलं, “खारीला शिकवायला येशील?”

तो येऊ लागला. आई कामावर निघताना त्याला सोडून जायची. ओरडायचं नाही, हे त्याला सांगावंच लागलं नाही. तो मुळातच हळू बोलणारा, आणि खारीला हळू आवाजच जास्त कळायचा!

मग आम्ही आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत एका रविवारी स्वतःच शर्यत ठेवली. पाटीवर लिहिलं : कागद नको, रेबीजची लस हवी! सात कुत्री आली. एक रुबाबदार जर्मन शेफर्ड, एक जाडजूड पग आणि बाकीची आमच्यासारखीच, गल्लीतली.

खारीबरोबर तोच धावला. उड्या झाल्या, बोगदा झाला, काठ्या तर अशा पार केल्या की लोक उभे राहिले. आणि सी-सॉच्या मधोमध खारी थांबली. त्या दिवशी खाली गादी नव्हती. घड्याळ पळत होतं. “ढकल तिला!” कोणीतरी ओरडलं. त्याने ढकललं नाही. फळीच्या टोकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “ये. मी आहे ना!” किती वेळ गेला कोण जाणे. खारीने एक पंजा पुढे टाकला, मग दुसरा. फळी धाडकन आपटली. ती हलली, पण पळाली नाही.

त्यांचा पाचवा नंबर आला. पहिला आला जर्मन शेफर्ड, आणि तो खरोखरच छान धावला. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाने पहिल्यांदाच आपणहून हात वर केला. त्याला सगळी शर्यत सांगायची होती. पहिल्या उडीपासून!

त्या दोन्ही क्लबांची दारं आम्हांला अजून बंदच आहेत. आम्ही दर वर्षी जाऊन विचारतो. मैदान नसलं, तरी विटा आणि बांबू आहेत.

तुमच्या घरी कुत्रं असेल, तर करून बघा. आधी पशुवैद्यांकडून लस टोचून घ्या, पालिकेचा परवाना काढा. आई-बाबांनाही सोबत घ्या. बांबू उचलायला माणूस लागतोच! पोट भरल्यावर लगेच पळवू नका. चॉकलेट आणि द्राक्षं तर कुत्र्यांना विषासारखी, ती चुकूनही देऊ नका. दांडी खाली ठेवा आणि शाबासकी लगेच द्या. आणि कोणी विचारलंच, “कुठल्या जातीचं?” तर आधी त्याला एक उडी मारून दाखवायला सांगा. कुत्र्याला हं, विचारणाऱ्याला नव्हे!