वाऱ्याविना चौदा दिवस

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की सापगावला भातसा ओलांडावी लागते. पुलाजवळच्या तारेवर खंड्या बसलेला असतो. चॉकलेटी डोकं, पांढरीशुभ्र छाती, लालभडक जाड चोच. परवा त्याने काठावरून खेकडा उचलला, तारेवर आपटून आपटून त्याच्या नांग्या मोडल्या आणि मगच गिळला. उडताना केवढा कलकलाट!

इंग्रजीत सुखाच्या, शांत दिवसांना ‘हॅल्सिअन डेज’ म्हणतात. त्या शब्दात हाच पक्षी बसला आहे हे मला फार उशिरा कळलं. ग्रीक कथेतल्या अल्सिऑनीचा नवरा समुद्रात बुडाला, तिनेही पाण्यात उडी घेतली आणि देवांनी दोघांना खंड्या केलं. तिचा बाप वाऱ्यांचा राजा. लेकीची अंडी लाटांनी नेऊ नयेत म्हणून तो हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे सात-सात दिवस वारे कोंडून ठेवतो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आता हा शब्द बहुधा सरलेल्या चांगल्या काळासाठी वापरतात. मला मूळचा अर्थच मोलाचा वाटतो: पिल्लं वाढेपर्यंत कुणीतरी राखलेली शांतता. आपल्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्थिर चित्ताला निवातातल्या, म्हणजे वारा नसलेल्या जागच्या, दिव्याची उपमा आहे. ‘निवांत’ म्हणताना मला तो दिवा आठवतो.

आमच्या खंड्याचं शास्त्रीय नावही हॅल्सिअन स्मिर्नेन्सिस. पण तो लाटांवर घरटं करत नाही. नदीकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत चोचीने हातभर बोगदा कोरतो आणि आत टोकाशी अंडी घालतो. त्याचे हॅल्सिअन दिवस हिवाळ्यात नाहीत, साधारण मार्च ते जुलै. तेव्हा शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणं चालू असतं आणि भातसा मात्र धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी घेऊन वाहत असते. त्या पाण्यावर खंड्याचं भागतं. त्याला भीती वाऱ्याची नाही, माती उपसणाऱ्या फावड्याची आणि जेसीबीची आहे.

म्हणून भट्टीसाठी, भरावासाठी माती काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: दरडीत मुठीएवढं भोक दिसलं, खंड्या आतबाहेर करताना दिसला, तर तेवढी जागा पिल्लं उडेपर्यंत सोडा.